क्रोनोग्राफ घड्याळ : किल्ली, बटणे आणि वाचकांच्या शंका

प्रश्न : आजोबांचे किल्लीचे क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचची सोय असलेले घड्याळ माझ्याकडे आले आहे. जास्त किल्ली दिली तर कमान (घड्याळ चालवणारी आतली स्प्रिंग) तुटेल, अशी धास्ती वाटते. किती फेरे द्यावेत? (रामबाग, इंदूर)

उत्तर : फेरे मोजण्यापेक्षा बोटांवर विश्वास ठेवावा. घड्याळ मनगटावरून काढावे, कारण हातात असताना किल्ली दिली की तिच्या दांडीवर तिरका दाब येतो. मग किल्ली, म्हणजे कडेची फिरवायची खुंटी, बाहेर न ओढता, तिची वरची बाजू १२च्या आकड्याकडे जाईल अशी फिरवावी. आधी बारीक कटकट जाणवते, पुढे जडपणा वाढत जातो आणि किल्ली ठाम अडते, तिथे थांबावे. पूर्ण भरलेली कमान ही घड्याळाची नेहमीचीच अवस्था आहे. अपाय होतो तो अडल्यानंतर लावलेल्या जोराने. ‘जास्त किल्ली दिली म्हणून बंद पडले’ असे सांगून माझ्याकडे आणलेल्या घड्याळांत दोष बहुधा सुकलेल्या तेलाचा निघतो. आपले घड्याळ बरीच वर्षे पेटीत पडून असेल, तर आधी साफसफाई आणि तेलपाणी करून घ्यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. कोरडे चालवल्यास चाकांच्या आसांची टोके झिजतात. त्यानंतर रोज सकाळी ठरावीक वेळी किल्ली द्यावी.

प्रश्न : जुने घड्याळ विकत घेतले. वेळ बरोबर दाखवते, पण मधला लांब काटा हलतच नाही. फसलो का? (राजवाडा)

उत्तर : बहुधा नाही. तो काटा स्टॉपवॉचचा आहे आणि वरचे बटण दाबल्यावरच धावतो. नेहमीचा सेकंद काटा लहान तबकडीत असतो. मधला काटा सतत धावता ठेवू नये. बऱ्याच यंत्रांत त्यामुळे घड्याळाची लय राखणाऱ्या चक्राचे आंदोलन मंदावते आणि झीजही वाढते.

प्रश्न : काटा धावत असतानाच मुलाने खालचे बटण दाबले. बिघाड होईल का?

उत्तर : साध्या क्रोनोग्राफमध्ये क्रम एकच : वरच्या बटणाने सुरू, वरच्यानेच बंद, मग खालच्याने शून्यावर. खालचे बटण दाबले की आतली छोटी हातोडी बदामाच्या आकाराच्या चकतीवर आदळते, चकती फिरते आणि काटा शून्यावर येतो. काटा धावत असताना मात्र त्याचे चाक घड्याळाच्या चाकांत गुंतलेले असते. अशा वेळी हातोडी पडली तर नाजूक दाते वाकू शकतात. पुष्कळ यंत्रांत या वेळी बटण मुळातच दबत नाही. तसे झाले असेल तर चिंता नको, पण पुन्हा जोर लावू नये. शून्यावर आणल्यावर काटा जरासा बाजूला थांबू लागला, तर घड्याळ उघडून दाखवावे. फ्लायबॅक प्रकारात धावतानाच शून्यावर आणायची सोय असते, म्हणून आपले घड्याळ कोणते हे आधी पाहावे. ओल्या हाताने, विशेषतः पावसात, बटणे दाबू नयेत.

प्रश्न : कडेवरचे ६०, ८०, १२० हे आकडे कशाचे?

उत्तर : ताशी वेगाचे. इंदूर-महू रस्त्यावर किलोमीटरचा दगड आला की काटा सुरू करावा आणि पुढच्या दगडाशी थांबवावा. ४५ सेकंद लागले, तर काटा ८०वर असेल. तासाचे ३६०० सेकंद भागिले ४५, एवढेच गणित. मधल्या अंतरात वेग एकसारखा हवा आणि मोजणी शेजारी बसलेल्याने करावी.