शेजारच्या मुलाला डेंग्यू झालाय. आमच्या मुलांना त्याच्यापासून लांब ठेवावं का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही नेरूळला सिडकोच्या इमारतीत राहता, समोरच्या घरातल्या १० वर्षांच्या मुलाला डेंग्यू निघालाय आणि मजल्यावरच्या सगळ्यांनी आपापल्या पोरांना त्या घरी जायला बंदी केलीय. तुमची दोन मुलं आहेत, म्हणून तुम्हीही धास्तावलात. शिवाय विचारलंय की असले आजार मुळात पसरतात कसे आणि घरात काय सांभाळायचं.

आधी त्या मुलाचं सांगते. त्याच्याशी खेळून, त्याच्या शेजारी बसून, अगदी त्याच्या ताटात जेवूनही डेंग्यू होत नाही. डेंग्यूला डास लागतो. ताप असतो त्या पहिल्या चार-पाच दिवसांत त्याच्या रक्तात विषाणू असतो. तेव्हा त्याला चावलेल्या एडिस डासाच्या अंगात तो वाढतो आणि साधारण ८ ते १२ दिवसांनी तोच डास दुसऱ्याला आजार देऊ शकतो. म्हणजे तुमच्या मुलांना धोका त्या पोरापासून नाही, इमारतीतल्या डासापासून आहे. त्याच्या आईला सांगा, ताप आहे तोवर त्याला दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपवा. हा डास दिवसा चावतो, सकाळी आणि सूर्य मावळायच्या आधी जास्त.

मी १९ वर्षं नवी मुंबईत आरोग्यसेविका म्हणून घरोघरी फिरते. ताप आहे का विचारायचं, रक्ताचा नमुना घ्यायचा, पाण्याची भांडी तपासायची, हेच माझं रोजचं काम. घरात आजारी माणूस असला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हा आजार कुठल्या वाटेने येतो? त्याचं उत्तर मिळालं की पुढचं सगळं सोपं होतं.

काही वर्षांपूर्वी एका घरात गेले होते. सुनेला क्षयरोग झालेला. तिचं ताट, पेला, तांब्या, सगळं वेगळं काढून ओट्याच्या कोपऱ्यात पालथं घातलेलं होतं. आणि ती ज्या खोलीत दिवसभर पडून होती त्या खोलीची खिडकी गच्च बंद, वर जाड पडदा. वारा लागू नये म्हणून! क्षयाचे जंतू खोकल्यातून हवेत जातात, भांड्यातून नाही. मी सासूबाईंना हाताला धरून आत नेलं, खिडकी उघडली आणि म्हटलं, ताट एकत्र ठेवा, खिडकी बंद करू नका. सुरुवातीचे काही आठवडे मास्क आणि सहा महिने न चुकता गोळ्या. ती पोरगी बरी झाली, पण त्या वेगळ्या पेल्याचं दुःख तिच्या चेहऱ्यावर मी पाहिलंय. म्हणून त्या मुलाला वाळीत टाकू नका, हे मला तुम्हाला कळकळीने सांगायचंय. आणि हो, दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकी तपासून घ्यायची. सरकारी केंद्रात तपासणीही फुकट आणि औषधही.

आता डासाकडे येते. हा एडिस स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो, त्यामुळे गटार बघून काही हाती लागत नाही. मागच्या पावसाळ्यात एका चकचकीत घरातल्या बाई म्हणाल्या, "आमच्याकडे तुम्हाला काही सापडायचं नाही हो." मी फ्रिज थोडा पुढे ओढला, मागचा ट्रे काढला आणि पाणी पांढऱ्या वाटीत ओतलं. टॉर्च मारल्यावर वीसेक अळ्या वळवळताना दिसल्या. डोकं खाली, शेपटाकडची श्वासाची नळी पाण्याच्या पृष्ठभागाला टेकवून तिरप्या लोंबकळत होत्या. मलेरियाच्या डासाची अळी पाण्याला समांतर, आडवी असते. त्यावरून आम्ही ओळखतो. बाई गप्पच झाल्या. त्यांच्या नातवाला आठ दिवसांपूर्वीच ताप येऊन गेला होता.

अंड्यापासून डास व्हायला आपल्या हवेत आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा. पण नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जगतात. ट्रे, मनीप्लांटची बाटली, कुंडीखालची ताटली, पिंप आतून काथ्याने घासून काढा. मग गच्चीवर जा: टायर, रंगाचे रिकामे डबे, टाकीचं फुटकं झाकण. हा डास जन्मल्या जागेपासून फार लांब उडत नाही, त्यामुळे तुमच्या मजल्यावर चावणारा डास बहुधा तुमच्याच आवारातला असतो. लोक आम्हाला सारखे धूरफवारणीसाठी फोन करतात. धुराने उडणारे डास मरतात, ट्रेमधल्या अळ्यांना काही होत नाही.

पाण्याचं तसंच. नवी मुंबईला मोरबे धरणाचं पाणी भोकरपाड्याच्या केंद्रात शुद्ध होऊन, क्लोरीन घालून येतं. पुढे सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत काय होतं ते सोसायटीनेच बघायचं असतं. एका सोसायटीत महिन्याभरात पाच मुलांना कावीळ झाली. सगळ्यांचा संशय शाळेबाहेरच्या पाणीपुरीवर. मी टाकीतलं पाणी घेऊन त्यात तपासणीचे थेंब टाकले. क्लोरीन असलं की पाणी पिवळसर होतं. ते तसंच पांढरं राहिलं. टाकीला खेटून ड्रेनेजचं चेंबर होतं आणि मधल्या भिंतीला चीर. काविळीचा ए विषाणू पोटात गेल्यावर डोळे पिवळे व्हायला दोन ते सात आठवडे लागतात, म्हणून आज काय खाल्लं ते आठवून उपयोग नसतो. दोन घरांनी तोवर मुलांची कावीळ उतरवूनही आणली होती. टाकी उपसून, चीर बुजवून होईपर्यंत सगळ्यांना पाणी उकळायला लावलं. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं. घरात गरोदर बाई असेल तर जास्तच जपा, कारण ई प्रकारची कावीळ शेवटच्या महिन्यांत जिवावर बेतते.

साबणाने हात धुण्याबद्दल तुम्हाला ठाऊकच आहे: संडासनंतर, जेवणाआधी, बाळाचं आवरल्यावर, २० सेकंद.

पावसात गुडघाभर पाण्यातून यावं लागलं आणि पायाला जखम असेल तर लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराची, आठवण ठेवा. उंदराच्या, गुरांच्या मुतातून जंतू त्या पाण्यात उतरतात आणि जखमेतून अंगात शिरतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर मुंबई-ठाण्याकडे लेप्टोचे किती रुग्ण आले ते आम्हा सगळ्यांना आठवतं. घरी आल्यावर पाय साबणाने धुवा आणि प्रतिबंधक गोळी हवी का ते तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना विचारा.

गोवर मात्र खरोखरच माणसाकडून माणसाला होतो. रुग्ण खोलीतून निघून गेला तरी दोन तासांपर्यंत विषाणू तिथल्या हवेत राहू शकतो. तिथे लस हाच आधार: गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान. आज दोन्ही मुलांची कार्डं काढून बघा. डोस राहिला असेल तर आता वेळ गेली म्हणून सोडू नका, केंद्रात या.

समोरच्या घरी हेही सांगा: डेंग्यूच्या तापात पॅरासिटामॉलच द्यायची, तीही डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन नको, रक्तस्राव वाढू शकतो. अँटिबायोटिकने विषाणू मरत नाही. सगळ्यात जपायचे दिवस ताप उतरल्यावरचे असतात. लोक तेव्हाच निर्धास्त होतात आणि नुसता प्लेटलेटचा आकडा बघत बसतात. पोट सारखं दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतंय, लघवी कमी झालीय, हातपाय गार पडलेत किंवा मूल गळून गेलंय, यातलं एकही दिसलं तर रात्र असली तरी दवाखान्यात न्या.

आणि तुमच्या मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे घालून खुशाल त्याच्याकडे पाठवा. दहा दिवस एकटाच पडलाय पोरगा.