पर्स उचलून गुपचूप निघू नका

नाशिकच्या एका ताईंचं पत्र आहे. सातपूर एमआयडीसीतल्या कंपनीत २३ वर्षं अकाउंट्समध्ये काढली. सासूबाईंचं आजारपण आणि स्वतःचे गुडघे, म्हणून ५१व्या वर्षी राजीनामा दिलाय. ३१ तारीख शेवटची. त्या लिहितात, ‘मला शाल-श्रीफळाचा कार्यक्रम नको. बोलायला उभी राहिले की मी रडणार. शेजारच्या टेबलावरची जुनी मैत्रीण प्रमोशनवरून दोन वर्षं माझ्याशी बोलत नाही, तिच्यासमोर काय रडायचं? सहा वाजता नेहमीसारखी पर्स उचलून निघाले तर चालेल का?’

नाही चालणार, ताई.

तुमच्या दृष्टीने गाजावाजा टळला, पण मागे राहणाऱ्यांना वेगळंच दिसतं. इतक्या वर्षांचं माणूस न बोलता गेलं की दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये सुरू : काढलं का? साहेबांशी वाजलं का? आणि ज्या पोरांना तुम्ही व्हाउचर भरायला शिकवलं, त्यांना वाटतं, ताईंच्या खिजगणतीतही नव्हतो आपण. रडू आलं तर रडा की! साहेबांचं वीस मिनिटांचं भाषण लोक सोसतात, तुमचं दोन मिनिटांचं रडणं कुणाला जड जाणार?

कार्यक्रम मात्र तुमच्या मापाचा करून घ्या. एचआरला आजच सांगा : दुपारच्या चहाला, पंधरा मिनिटं, वडा आणि चहा. वर्गणीचं पाकीट फिरायच्या आधी भेटवस्तू नको म्हणून बजावा. महिनाअखेर असते, कंत्राटी मुलांच्या खिशात काही नसतं, आणि पाकीट टेबलावर आलं की कुणाला नाही म्हणता येत नाही. शाल कुणी आणलीच तर घ्या, तिथे हुज्जत नको. बोलायच्या चार ओळी कागदावर लिहून न्या. ‘सर्वांचे आभार’ म्हणून सुटका करून घेऊ नका. नोटबंदीत रोख मजुरीची जुळवाजुळव कुणी केली, २०१७च्या जुलैत जीएसटी आला तेव्हा रात्री उशिरापर्यंत तुमच्याबरोबर कोण थांबलं, ते नाव घेऊन सांगा. दोन आठवणी पुरतात.

खरा निरोप त्याआधी, एकेकाच्या टेबलापाशी जाऊन घ्यायचा. २० तारखेला जीएसटीचं ३बी रिटर्न भरून झालं की तुम्हालाही सवड आणि इतरांनाही. सुरुवात शिपाई, गेटवरचे सिक्युरिटीवाले आणि कँटीनच्या काकांपासून करा. कार्यक्रमाच्या दिवशी ही मंडळी वडे वाटत असतात आणि ग्रुप फोटोत नसतात.

आता ती मैत्रीण. ती एकटी असेल तेव्हा जा, जेवणाच्या सुट्टीआधी गेलात तर उत्तम. प्रमोशनचा विषय काढायचा नाही, माफी मागायची नाही, द्यायचीही नाही. ‘३१ला निघतेय. सुरुवातीची वर्षं तुझ्यामुळे सोपी गेली, ते सांगायचं राहिलं होतं.’ एवढं बोला आणि आपल्या जागेवर या. तिने नुसतं ‘बरं’ म्हटलं तरी तुमचं काम झालं. कार्यक्रमात सगळ्यांदेखत मिठी मारायला मात्र जाऊ नका. तिला ती नाकारता येणार नाही आणि त्याचा राग आणखी दोन वर्षं टिकेल.

एक वही करा. ७ला टीडीएस (मार्चचा सोडून), ११ला जीएसटीआर-१, १५ला पीएफ-ईएसआय, २०ला ३बी, या तारखा नव्या मुलीला कुठेही मिळतील. कुठला पुरवठादार बिलं महिनाभर दाबून ठेवतो, बँकेत कुणाला फोन केला की काम हलतं, कोणती जुनी फाइल कुठल्या कपाटात आहे, हे फक्त तुम्हाला माहीत आहे. ते लिहा, आणि शेवटचा आठवडा तिला शेजारी बसवून तिच्याच हातून एंट्र्या करून घ्या.

स्वतःच्या कागदांतही हयगय नको. ग्रॅच्युइटी ३० दिवसांत मिळायला हवी, अर्ज देऊन पोच घ्या. पीएफच्या पोर्टलवर नाव, जन्मतारीख बरोबर आहे का बघा आणि नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने भरली का, याचा पाठपुरावा करा. या कामासाठी तुम्हाला त्याच लोकांना फोन करावे लागणार आहेत, न सांगता निघून गेल्यावर ते जरा अवघडच जातं.

ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून त्याच संध्याकाळी बाहेर पडू नका, रागावून गेल्यासारखं दिसतं. म्यूट करून महिनाभर राहा, मग दोन ओळी लिहून निघा. मार्चअखेरीला त्यांचे फोन येतीलच. पहिल्यांदा सगळं समजावून सांगा, दुसऱ्यांदाही सांगा, तिसऱ्यांदा फक्त वहीचा पान नंबर सांगा.