घर तपासणीच्या कामासाठी परवाना लागतो का, आणि ठेकेदाराची टक्केवारी घ्यावी का?

तुम्ही स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका घेतली आहे, हिंगणघाटकडे चार वर्षे साइटवर काम केले आहे, आणि आता जुने घर विकत घेणाऱ्या लोकांना ते आधी तपासून देण्याचे काम सुरू करावे असे तुमच्या मनात आहे. त्यासाठी सरकारी परवाना लागतो का, आणि तपासलेल्या घराची दुरुस्ती आपल्याकडे वळवल्यास टक्केवारी देऊ असे म्हणणाऱ्या ठेकेदाराशी बोलणी करावीत का, असे तुम्ही विचारले आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी एकवीस वर्षे हे काम करीत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

परवान्याचे उत्तर सरळ आहे. विक्रीपूर्वी घर पाहून अहवाल देणाऱ्यासाठी आपल्या देशात स्वतंत्र परवाना नाही, आणि स्थापत्य अभियंत्याच्या व्यवसायाला डॉक्टर किंवा वकिलासारखा स्वतंत्र केंद्रीय कायदाही नाही. मात्र आसपासच्या अनेक कामांना कायद्याचे कुंपण आहे, आणि ते कुठून जाते हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक असले पाहिजे. वास्तुविशारद अधिनियम, १९७२ प्रमाणे नोंदणी नसलेल्या माणसाला ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी लावता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले की कलम ३७ ची बंदी त्या उपाधीच्या वापरावर आहे, आराखडे करण्याच्या कामावर नाही. तरीही तालुक्याच्या गावांत पदविकाधारकांच्या पाट्यांवर तो शब्द सर्रास दिसतो आणि तो बेकायदेशीर आहे. तुमच्या पाटीवर तो नसावा. ‘चार्टर्ड अभियंता’ ही ओळख १९२० मध्ये स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सच्या सदस्यत्वातून मिळते, त्यामुळे तेही सदस्यत्वाशिवाय लिहू नये. घराची किंमत ठरवून देणे हे पुन्हा वेगळे काम आहे. कंपनी अधिनियम, २०१३ चे कलम २४७ आणि त्याखालील २०१७ चे नियम यांनुसार ‘नोंदणीकृत मूल्यांकक’ होण्यासाठी जमीन व इमारत या वर्गात पदवी, अनुभव, ५० तासांचा अभ्यासक्रम आणि परीक्षा लागते. तेव्हा ‘घराची किंमत किती निघेल तेही लिहून द्या’ असे गिऱ्हाईक म्हणाले तरी तुम्ही अहवालात आकडा टाकू नये. विजेच्या जोडणीचे कामही परवानाधारक विद्युत ठेकेदाराचेच असते. उघडी तार, नसलेले अर्थिंग किंवा काळवंडलेला बोर्ड दिसला तर तो नोंदवावा, पण ‘वायरिंग सुरक्षित आहे’ असे प्रमाणपत्र देऊ नये.

नागपूर, अमरावती, अकोला, चंद्रपूर अशा महानगरपालिकांच्या हद्दीत आणखी एक गोष्ट येते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे तीस वर्षांहून जुन्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण करून घ्यावे लागते, आणि ते महापालिकेकडे नोंद असलेल्या संरचना अभियंत्याकडूनच करावे लागते. नकाशे मंजुरीला देणाऱ्या तांत्रिक व्यक्तींनाही २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार नोंदणीची किंवा परवान्याची अट आहे. तुम्ही गावठाणातली आणि लहान शहरातली घरे विक्रीपूर्वी पाहून देणार असाल, तर तुमचा अहवाल हा केवळ सल्ला असतो. त्याला ‘स्ट्रक्चरल ऑडिट’ असे मोठे नाव देऊन कोणी महापालिकेत किंवा बँकेत लावू नये, म्हणून पहिल्याच पानावर तसे लिहावे. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ बद्दलही लोक आपल्यालाच विचारतात. तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे, एवढे तोंडी सांगून त्यांना वकिलाकडे पाठवावे.

परवाना नाही म्हणून जबाबदारीही नाही, असा समज मात्र करून घेऊ नका. पैसे घेऊन दिलेला सल्ला ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवा ठरते आणि तुमच्या निष्काळजीपणाची तक्रार दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे जाऊ शकते.

आता आचारसंहितेचे. आपल्याकडे या कामाची लिखित संहिता नसल्यामुळे मी सुरुवातीला ज्यांच्याकडे हा व्यवसाय जुना आहे त्यांचे नियम मिळवून वाचले. अमेरिकेत टेक्सससारख्या राज्यांत घर तपासनिसाला राज्याचा परवाना लागतो, कॅनडात ब्रिटिश कोलंबियाने २००९ पासून तो लागू केला. मला सर्वांत जवळचे वाटले ते कॅलिफोर्निया, कारण तिथेही आपल्यासारखाच परवाना नाही. पण तपासनिसाने काय करू नये हे मात्र कायद्यातच लिहिलेले आहे. ज्या घराचा अहवाल दिला त्याची दुरुस्ती पुढचे बारा महिने तपासनिसाने पैसे घेऊन करायची नाही, तशी तयारीही दाखवायची नाही. ज्या मालमत्तेत स्वतःचा आर्थिक हितसंबंध आहे ती तपासायची नाही. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन सोसायटी ऑफ होम इन्स्पेक्टर्स या संघटनेच्या संहितेतही हेच आहे, आणि त्यापुढे जाऊन असेही आहे की सौदा झाला तरच फी मिळेल अशी बोली करायची नाही, काम मिळवून दिले म्हणून दलालाला काही द्यायचे नाही, आणि ग्राहकाच्या संमतीशिवाय अहवाल कोणाला दाखवायचा नाही. आपल्याकडच्या नोंदणीकृत मूल्यांककांच्या आचारसंहितेतही, ज्यामुळे स्वातंत्र्याला बाधा येईल अशी भेट किंवा पाहुणचार त्याने किंवा त्याच्या नातेवाइकाने स्वीकारू नये, असे कलम आहे.

अमेरिकेतले हे नियम मी वाचले होते, आणि तरी पहिल्या काही वर्षांत चूक केली. ती सांगणे आवश्यक आहे.

एका निवृत्त शिक्षकांनी गावातले पंधरा-सोळा वर्षांचे घर घ्यायचे ठरवले होते. काम दलालामार्फत आले आणि फीही दलालानेच हातात ठेवली. नोव्हेंबर महिना होता. घर दिवाळीपूर्वी नुकतेच रंगवलेले, आतून स्वच्छ, छताला कुठे ओल नाही. ईशान्येकडच्या खोलीत खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली एक बारीक रेष मला दिसली, आणि त्याच कोपऱ्याच्या बाहेर न्हाणीचे पाणी उघड्यावर मुरत होते तेही दिसले. अहवालात मी ‘प्लास्टरच्या किरकोळ भेगा’ एवढेच लिहिले. तेव्हा तो दलाल मला महिन्याला दोन-तीन कामे देत असे. ‘साहेब, तुमी फक्त लिहून द्या, बाकी आमी पाहून घेतो,’ हे त्याचे नेहमीचे वाक्य होते, आणि मी स्वतःला समजावले की रेष खरोखरच बारीक आहे. मे महिन्यात शिक्षकांचा फोन आला. त्या भेगेत रुपयाचे नाणे आरपार जात होते.

आपल्या भागातील काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, हे शेतात चालणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. एप्रिल-मे मध्ये वावरात हात जाईल अशा भेगा पडतात आणि मृगाचे दोन पाऊस झाले की त्या मिटतात. ज्या घराचा पाया खालच्या मुरुमापर्यंत किंवा घट्ट थरापर्यंत न नेता काळ्या मातीतच उथळ ठेवला आहे, ते घरही तसेच दरवर्षी हलते. एका कोपऱ्यात न्हाणीचे पाणी मुरत राहिले आणि दुसरा कोपरा कोरडा राहिला, किंवा भिंतीला लागून मोठे कडुनिंबाचे झाड मुळांनी पाणी ओढत असले, तर दोन कोपऱ्यांची हालचाल वेगवेगळी होते आणि खिडकीच्या कोपऱ्यांतून तिरप्या, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारख्या भेगा निघतात. पावसाळ्यानंतर त्या मिटतात, दिवाळीचा रंग त्या झाकतो, आणि नोव्हेंबरमध्ये पाहणी करणाऱ्याला केसाएवढी रेष दिसते. म्हणजे दिसले तेवढे प्रामाणिकपणे लिहिले तरी विदर्भात अहवाल चुकीचा ठरू शकतो, आणि मी तर दिसले तेवढेही लिहिले नव्हते. मी फी परत केली, पण कोपऱ्याखालचा पाया खोल करणे, सांडपाणी पाइपने दूर नेणे आणि घराभोवती फरसबंदी करणे हा खर्च त्या गृहस्थांच्या निवृत्तीच्या पैशांतूनच झाला.

तेव्हापासून मी दलालाकडून फी घेत नाही. दलालाने नाव सुचवले तर हरकत नाही, पण पैसे घर घेणाऱ्याकडूनच, रक्कम पाहणीपूर्वी ठरलेली, आणि अहवाल देतानाच पूर्ण वसूल. सौदा होवो अथवा मोडो, त्यात फरक नाही. अहवालात पाहणीची तारीख, त्या आधीचा पाऊस, नुकताच रंग दिला आहे का, हे पहिल्या परिच्छेदात असते. काळ्या मातीवरचे घर पावसाळ्यानंतर पाहिले असेल, तर उन्हाळ्यात पुन्हा पाहिल्याशिवाय भेगांबद्दलचे मत अंतिम समजू नये असे स्पष्ट लिहितो. घेणाऱ्याला वेळ असेल तर भेगेवर काचेची पट्टी सिमेंटने चिकटवून, तारीख लिहून ठेवतो. भिंत हलत असेल तर ती पट्टी तडकते, आणि त्यावर वाद घालता येत नाही. काय पाहता आले नाही तेही लिहावे लागते: कुलूपबंद खोली, धान्याच्या पोत्यांमागची भिंत, जिना नसल्यामुळे न पाहिलेला स्लॅब, कवेलूंखालचे वासे. ‘सर्व ठीक’ हे शब्द मी माझ्या अहवालातून काढून टाकले आहेत.

यंत्राच्या बाबतीतही जपून राहा. रिबाउंड हॅमर, म्हणजे काँक्रीटवर आपटून तो किती उसळतो यावरून मजबुतीचा अंदाज देणारा हातोडा, हातात घेतला की गिऱ्हाईकावर छाप पडते, आणि काही जण त्याच्या आकड्यावरून काँक्रीट अमुक ग्रेडचे आहे असे ठामपणे लिहून मोकळे होतात. या चाचणीसाठी भारतीय मानक ब्युरोने १९९२ मध्ये जे मानक काढले, त्यातच म्हटले होते की तिच्यावरून काढलेल्या मजबुतीच्या अंदाजाची अचूकता साधारण अधिक-उणे २५ टक्के एवढीच असते. पृष्ठभाग ओला आहे की कोरडा, काँक्रीट किती जुने आहे, यावर आकडा बदलतो. एवढी ढिलाई माहीत असताना नेमका आकडा छापणे म्हणजे न पाहिलेली गोष्ट पाहिली असे सांगणेच आहे. मी तो आकडा फक्त एकाच घराच्या दोन कॉलममधला फरक पाहण्यासाठी वापरतो.

गुप्तता शहरापेक्षा गावात अवघड असते. चहाच्या टपरीवर ‘त्या घराचं काय निघालं?’ असे विचारणारे चार जण भेटतात, आणि त्यांत पुढचा ग्राहकही असू शकतो. अहवाल ज्याने पैसे दिले त्याचा; त्याच्या परवानगीशिवाय मी विकणाऱ्यालाही तो दाखवत नाही. याला एकच अपवाद मी मानतो, आणि अमेरिकन संघटनेच्या संहितेतही तो आहे: तिथे राहणाऱ्यांच्या जिवाला तत्काळ धोका दिसला तर त्यांना सांगता येते. एका घराच्या छज्ज्याच्या सळया पूर्ण गंजून काँक्रीट सुटत होते आणि खाली भाडेकरूंची मुले बसत होती. तेव्हा मी घेणाऱ्याला फोन करून कळवले आणि त्याच उभ्या पायी भाडेकरूलाही सांगितले.

आता तुमच्या ठेकेदाराकडे येतो. तुमची अडचण मला समजते. खेड्यात अभियंता एकच असतो, तोच नकाशा काढतो, तोच काम घेतो, आणि लोकच म्हणतात की दोष तुम्ही काढला तर दुरुस्तीही तुम्हीच करून द्या. पण दुरुस्तीत तुमचा हिस्सा असला की प्रत्येक भेग तुम्हाला थोडी रुंद दिसू लागते, आणि दलालाचे पैसे घेतले की तीच भेग अरुंद दिसते; मी दुसऱ्या बाजूने हे अनुभवले आहे. म्हणून बारा महिन्यांची मर्यादा मी आपल्याकडे कायदा नसतानाही पाळतो. त्यामुळे काम सुटते, हे खरे आहे. ग्राहकाला अडवून न ठेवण्यासाठी मी दुरुस्तीच्या कामाचे मोजमाप लिहून देतो, म्हणजे किती फूट पाया उघडायचा, किती रनिंग फूट पाइप, किती चौरस फूट फरसबंदी, आणि जवळच्या दोन-तीन मिस्त्रींची नावे देतो, ज्यांच्याकडून मला काहीही मिळत नाही. त्या कागदावर तो स्वतः भाव काढून आणतो.

टक्केवारीला नाही म्हणा, आणि ते ठेकेदाराला समोरासमोर सांगा, नाहीतर तो तुमचे नाव परस्पर वापरत राहील. त्याच्याशी तुमचा आधीचा काही हिशेब असेल, तुम्ही त्याच्या साइटवर काम केले असेल किंवा तो तुमचा नातेवाईक असेल, तर त्याने बांधलेले घर तपासायला घेऊ नका. घेणाऱ्याने तरीही आग्रह धरलाच तर ते नाते अहवालाच्या पहिल्या पानावर लिहून त्याखाली त्याची सही घ्या आणि मगच घराचा उंबरठा ओलांडा.