गावात राहून चित्रकाराला काय मिळतं?

तुम्ही विचारलंय, एखाद्या जागी राहिल्यानं कलाकाराला खरंच काही मिळतं का, की त्यासाठी मोठं शहर किंवा डोंगरातलं रम्य ठिकाण गाठावं लागतं? मी जळगाव जिल्ह्यात, चोपडा तालुक्यातल्या एका गावात राहून जलरंगात काम करतो. माझ्यापुरतं उत्तर देतो.

गावानं मला सगळ्यात आधी एक अडचण दिली. मे महिन्यात इथं पारा ४५ च्या आसपास असतो. कागदावर पाण्याचा हात फिरवून रंग सोडावा, तर तो पसरायच्या आधीच सुकतो, कडा कडक राहतात. पुण्यात शिकलेली मऊ, ओली पद्धत इथं चालेना. मग पहाटे साडेपाचला शेतात जायचं, आठच्या आत गुंडाळायचं, आणि दुसरा हात फिरवायचा मोह टाळायचा, अशी सवय लागली. आज लोक ज्याला माझी शैली म्हणतात, ती त्या उन्हातून आली आहे.

दुसरी गोष्ट आजीकडून मिळाली. शिकून आल्यावर काढलेलं शेताचं चित्र तिला दाखवलं. तिनं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "हाई आपली माटी नही." खरंच नव्हती. मी पुस्तकातला तपकिरी रंग लावला होता. आमची काळी जमीन मुळात काळी नसतेच. उन्हाळ्यात भेगा पडून राखेसारखी होते, पहिल्या पावसानंतर जांभळट दिसते, आणि कापूस वेचून झाल्यावर उभ्या पऱ्हाट्यांखाली तिच्यावर गंजासारखी छटा चढते. हे कळायला मला तीन वर्षं लागली, तीही रोज त्याच बांधावरून गेल्यावर. पंधरा दिवस राहून जाणाऱ्याला ती एकदाच भेटते.

केळीच्या बागेचंही तसंच. पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली मृगबाग आणि पावसाळा सरताना लावलेली कांदेबाग, दोन्हींतला उजेड वेगळा. आत शिरलं की हिरवा उजेड अंगावर येतो, शर्टाला चिकाचे डाग पडतात. ते डाग निघत नाहीत, पण त्यांचा रंग मी चित्रात वापरलाय.

चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) यांचं स्टेशनजवळचं घर आता संग्रहालय आहे, जमलं तर पाहा. कित्येक दशकं ते त्या घरातून क्वचितच बाहेर पडले. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून, प्रकाश साधून त्यांनी अख्खी दृश्यं उभी केली. जळगावच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी जातं, शेत, पाखरं, सण एवढ्यातूनच त्यांची कविता आली. दोघांनी जवळच्याच गोष्टी पुन्हा पुन्हा पाहिल्या. मला वाटतं, जागा पोसते ती अशी.

पण फक्त गावाला धरून बसा, असं मी सांगणार नाही. जळगावहून तासा-दीड तासावर अजिंठा आहे. तिथल्या चित्रकारांनी पिवळे, तांबडे रंग आसपासच्या माती-दगडांतून काढले. मात्र काही चित्रांतला निळा लाजवर्दाचा आहे, आणि तो दगड फार लांबून, अफगाणिस्तानच्या बाजूनं आलेला. मलाही चांगला कागद बाहेरून मागवावा लागतो, प्रदर्शनासाठी मुंबई गाठावी लागते, दुसऱ्यांचं काम पाहायला प्रवास करावा लागतो. ते करतोच.

तुम्ही आत्ता राहता तिथली एकच जागा निवडा, नाला असो, गल्ली असो. वर्षभर तिच्याकडे जा. काहीच सुचलं नाही त्या दिवशीही जा, निदान उजेड कुठून आला एवढं टिपून ठेवा.

माझी जागा सध्या सातपुड्याकडे तोंड करून आहे. मृगाच्या आधीच्या एखाद्या संध्याकाळी डोंगर अगदी जवळ आल्यासारखा दिसतो आणि दहाएक मिनिटं एका वेगळ्याच निळ्यात उभा राहतो. पाच उन्हाळे तो निळा कागदावर आणायचा प्रयत्न करतोय, अजून आलेला नाही.