ताप नव्हता, मग न्यूमोनिया कसा?

"ताई, अंगाला हात लावून बघितलं होतं मी. गार होतं हो." वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून ती तिसऱ्यांदा हेच सांगत होती. आत ७८ वर्षांचे वडील ऑक्सिजनवर. रुग्णालयात समुपदेशन करताना हा प्रश्न मला सारखा भेटतो. त्याच्या पोटात दुसराही असतो: शेजारच्या तिशीतल्या मुलाला न्यूमोनियात सणसणून ताप होता, त्याला गोळ्या देऊन घरी धाडलं, मग आमच्या बाबांनाच का ठेवून घेतलं?

"दोन-तीन दिवसांत बाबा काही वेगळं वागले?"

ती थांबली. सोमवारी ताटात निम्मं जेवण तसंच राहिलं होतं. मंगळवारी संध्याकाळी झोपेतून उठून त्यांनी सकाळचं दूध आलं का विचारलं, नातवाला स्वतःच्या धाकट्या भावाच्या नावाने हाक मारली. घरात सगळे हसले. "वय झालं, म्हटलं."

म्हाताऱ्या माणसांना न्यूमोनियात ताप चढेलच असं नाही. खोकलाही जेमतेम असतो. जेवण सुटतं, तोल जातो, बोलणं भरकटतं. आजार किती गंभीर आहे याचा अंदाज घ्यायला डॉक्टर चार गोष्टी बघतात: नव्याने आलेला गोंधळ, मिनिटाला ३० किंवा जास्त श्वास, रक्तदाब वरचा ९० च्या खाली किंवा खालचा ६० वा त्याहून कमी, आणि वय ६५ किंवा पुढे. प्रत्येकी एक गुण. रुग्णालयात रक्तातला युरिया ही पाचवी गोष्ट. बाबांचे पहिल्या चारांतच तीन भरले होते, त्या मुलाचा एकही नव्हता. तापाला यात गुणच नाही, हे ऐकून ती माझ्याकडे बघतच राहिली. अर्थात नुसत्या गुणांवर कोणी घरी पाठवत नाही. ऑक्सिजन, मधुमेह, घरी बघणारं कोण, हेही विचारतातच.

"सोमवारीच आणलं असतं तर?"

लवकर आणलेलं बरंच असतं. 'तुमचं काही चुकलं नाही' असं मी घाईने म्हणत नाही. माणसाला ते खरं वाटत नाही. म्हटलं, "चला, श्वास मोजू." दारात उभं राहून चादरीचं वर-खाली होणं पूर्ण एक मिनिट मोजलं, मोबाइलवर वेळ लावून.

"सव्वीस. काल बत्तीस म्हणाले होते ना?"

मग तिने भावाला फोन लावला. "आईलाही खोकला आहे ना? तिचे श्वास मोज. पण तिला सांगू नकोस, नाहीतर मुद्दाम हळू घेईल."