जावास्क्रिप्टमधलं पार्सइंट हे फंक्शन मजकुरातून पूर्णांक वाचतं, त्यात दुसरं आर्ग्युमेंट म्हणून १० का लिहितात? आणि सी मध्ये "०१०" वाचलं तर कधीकधी ८ का येतं?

स्ट्रिंगमध्ये, म्हणजे अक्षरांच्या ओळीत, बेस (आकडा दशमान, अष्टमान की आणखी कुठल्या पद्धतीने वाचायचा ते) लिहिलेला नसतो, तो वाचणाऱ्याने ठरवायचा असतो, सगळा घोळ इथूनच सुरू होतो. मी मुलांना हे शिकवताना फळ्यावर आपल्या नागपूरचा एसटीडी कोडच लिहितो, ०७१२.

आता फंक्शन आतमध्ये काय करतं बघा. उत्तर ० धरून सुरुवात करतं, मग डावीकडून एकेक अक्षर घेतं आणि दर वेळी आधीच्या उत्तराला बेसने गुणून नवीन अंक त्यात मिळवतं, बस एवढंच. बेस १० असेल तर ०, ७, ७१, ७१२. बेस ८ घेतला तर ०, ७, मग ७ गुणिले ८ अधिक १ म्हणजे ५७, मग ५७ गुणिले ८ अधिक २ म्हणजे ४५८. स्ट्रिंग तीच, उत्तरं दोन, आणि दोन्ही बरोबर! अक्षराचा अंक करणं पण सोपं आहे, आस्कीमध्ये (प्रत्येक अक्षराला आकडा देणाऱ्या तक्त्यात) शून्याचा कोड ४८ म्हणून ४८ वजा करायचे, आणि ए पासून झेड पर्यंतच्या अक्षरांना १० ते ३५ किंमत द्यायची, म्हणूनच बेस जास्तीत जास्त ३६ पर्यंत देता येतो.

तुमचा ८ कुठून आला? सी मधल्या स्ट्रटॉलला (पार्सइंटसारखंच फंक्शन) बेस ० दिला की ते स्वतःच अंदाज लावतं, सुरुवातीला शून्य-एक्स (0x) दिसलं तर १६, नुसतं शून्य दिसलं तर ८, नाहीतर १०. जावास्क्रिप्टमध्ये पण जुन्या ब्राउझरमध्ये असंच व्हायचं, पार्सइंटला "०८" दिलं की ० यायचं कारण बेस ८ मध्ये ८ हा अंकच नाही. जावास्क्रिप्टच्या २००९ च्या मानकाने, ईएस५ ने, ते बंद केलं, पण शून्य-एक्सवाला अंदाज अजून आहेच, म्हणून १० लिहायचाच.

मला जास्त धोका वाटतो तो भंडाऱ्याच्या कोडमध्ये, ०७१८४. बेस ८ ने वाचताना ८ आला की सी आणि जावास्क्रिप्ट दोघंही तिथेच थांबतात आणि चुपचाप ५७ देतात, एरर नाही काही नाही. पायथन अशा वेळी सरळ व्हॅल्यूएरर फेकतं आणि मला तेच आवडतं, चुकीचा आकडा डेटाबेसमध्ये जाऊन बसण्यापेक्षा प्रोग्राम बंद पडलेला कधीही चांगला. सी मध्ये स्ट्रटॉलचा दुसरा पॉइंटर त्याच्यासाठीच आहे, वाचणं कुठे थांबलं ते तो सांगतो, त्याच्या जागी नल (रिकामा पॉइंटर) देऊ नका, तो तपासा. आणि खरं तर एसटीडी कोडला इंटीजर करूच नका हो, पुढचं शून्य जातं, त्याची बेरीज थोडीच करायची आहे.

मराठी कीबोर्डवरून देवनागरी आकडे आले तर पायथनचं इंट ते नीट वाचतं, जावास्क्रिप्टचं पार्सइंट मात्र नॅन (म्हणजे 'हा आकडाच नाही') देतं, आपल्याकडच्या लोकांसाठी फॉर्म बनवत असाल तर हे आधी बघा.

आणि १, २, ३ अशा स्ट्रिंगच्या ॲरेवर (यादीवर) जावास्क्रिप्टच्या मॅपमध्ये, म्हणजे प्रत्येक घटकावर फंक्शन चालवणाऱ्या सोयीत, नुसतं पार्सइंट टाकलं तर १, नॅन, नॅन येतं, कारण मॅप दुसरं आर्ग्युमेंट म्हणून इंडेक्स (घटकाचा क्रमांक, ० पासून) पाठवतो आणि पार्सइंट त्यालाच बेस समजतं, पहिल्याला ० मिळाला म्हणून १० धरला, दुसऱ्याला बेस १ मिळाला जो चालतच नाही, तिसऱ्याला २ मिळाला आणि बेस २ मध्ये ३ कुठून येणार.