वाचकांचे प्रश्न : जुन्या रेल्वे मॉडेलला कोणता ट्रान्सफॉर्मर?

प्रश्न : नातेवाइकांनी अमेरिकेतून लायोनेल कंपनीचा जुना ओ गेज (रुळांचं एक माप) रेल्वे सेट आणि त्याचा झेडडब्ल्यू मॉडेलचा ट्रान्सफॉर्मर पाठवला आहे. पाटीवर ११५ वोल्ट, ६० सायकल, २७५ वॉट असं लिहिलंय. बाजारात २३०चे ११० करणारा कन्व्हर्टर मिळतो. तो लावून दोन गाड्या आणि डब्यांतले बारा दिवे चालतील का?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : चालतील, पण तो कन्व्हर्टर घेऊ नका. पाटीवरचे वोल्ट सगळे बघतात, सायकल (म्हणजे हर्ट्झ, विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं) कोणी बघत नाही, आणि गोची तिथेच होते. ६० सायकलसाठी बांधलेल्या ट्रान्सफॉर्मरला आपली ५० सायकलची वीज दिली, तर तेवढ्याच वोल्टला कोरमधला (लोखंडी गाभ्यातला) फ्लक्स, म्हणजे चुंबकीय प्रवाह, २० टक्क्यांनी वाढतो. कोर सॅच्युरेट होऊ लागतो (आणखी चुंबकत्व घेईनासा होतो), प्रायमरी (लाइनकडचं वाइंडिंग) जादा करंट ओढते आणि रुळावर एकही गाडी नसताना ट्रान्सफॉर्मर घुमत तापत राहतो. म्हणून वोल्टही त्याच प्रमाणात उतरवायचे : ११५ × ५० ÷ ६०, म्हणजे साधारण ९६.

सांगली-मिरजेत शेतीपंपाच्या मोटारी भरून देणारे, स्टॅबिलायझर बांधणारे कारागीर आहेत. त्यांच्याकडून ५०० व्हीएचा (व्हीए म्हणजे वोल्ट गुणिले अँपिअर), डबल वाइंडिंगचा (दोन्ही बाजूंची वाइंडिंग वेगळी असलेला) ट्रान्सफॉर्मर बांधून घ्या. प्रायमरी २३०, सेकंडरीला (खेळण्याकडच्या वाइंडिंगला) ९५, १०० आणि १०५ची टॅपिंग, म्हणजे मधून काढलेली टोकं. ऑटो ट्रान्सफॉर्मर स्वस्त पडतो, पण त्यात घरची लाइन आणि खेळणं यांच्यात अलगाव राहत नाही. इस्त्री-हीटरसाठीचे हलके इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर तर इथे मुळीच नकोत. ते वेव्ह तोडून देतात. रात्री तुमच्याकडे २५० वोल्ट येत असतील, तर १००च्या टॅपिंगवर १०९ मिळतील, म्हणून ९५चं टॅपिंग वापरा. रुळाला २०ऐवजी १७ वोल्टच्या आसपास मिळतील. या इंजिनांना तेवढे भरपूर होतात.

आता भार. दोन इंजिनं प्रत्येकी ३ अँपिअर धरा, १५ वोल्टला ९० व्हीए. बारा दिवे ०.२ अँपिअरचे, म्हणजे ३६. एकूण १२६. पाटीवरचे २७५ वॉट हे ट्रान्सफॉर्मर ओढतो ते. रुळाला त्याहून बरेच कमी मिळतात. तरीही तुमचा भार आरामात बसतो.

वीज देण्याआधी रबरी वायर बघा. वाकवल्यावर तडे गेले तर सरळ बदला. माळ्यावर पावसाळा काढलेला ट्रान्सफॉर्मर ओल धरतो. पेटीत ६० वॉटचा साधा बल्ब लावून दोन दिवस उबेला ठेवा, मग ५०० वोल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) प्रायमरी ते सेकंडरी आणि प्रायमरी ते बॉडी तपासा. ५ मेगओहमच्या खाली आलं तर जोडू नका. पहिल्यांदा २३०च्या बाजूला १०० वॉटच्या फिलामेंट बल्बची सिरीज लावून चालू करा. बल्ब मंद राहिला तर ठीक. भक्कन पेटला तर आत शॉर्ट आहे.

झेडडब्ल्यूची एक मोठी उणीव बहुतेकांच्या लक्षात येत नाही. त्याचा ब्रेकर (जादा करंट झाला की वीज तोडणारा) यू या कॉमन टर्मिनलच्या वाटेवर आहे. ए आणि डी ही दोन हँडलांची टर्मिनल रुळाच्या वेगवेगळ्या ब्लॉकना (विजेसाठी वेगळ्या केलेल्या भागांना) जोडून हँडल कमी-जास्त ठेवली आणि इंजिनाचे रोलर दोन ब्लॉकच्या सांध्यावर आले, की करंट ए ते डी असा फिरतो. तो ब्रेकरमधून जातच नाही आणि वाइंडिंग जळतं. मोटारीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळणारे साडेसात अँपिअरचे ब्लेड फ्यूज ए आणि डी दोन्हींच्या वायरीत टाका. हे टाळू नका.

प्रश्न : मार्कलिन कंपनीच्या रेल्वे मॉडेलचा निळा ट्रान्सफॉर्मर २२० वोल्ट, ५० सायकलचा आहे. आमच्याकडे २४० येतात. दिशा बदलताना इंजिन उडी मारतं.
— एक वाचक, शाहूपुरी, सातारा

उत्तर : सायकलची अडचण नाही, वोल्ट जास्त आहेत. यात नॉब शून्याच्या मागे ढकलला की २४ वोल्टचा झटका जातो आणि इंजिनातला रिले दिशा बदलतो. २४० वोल्टला तो झटका २६च्या वर जातो, म्हणून इंजिन उडी मारतं. रिले-टाइप स्टॅबिलायझर लावला तर तो वोल्ट टप्प्याटप्प्याने बदलतो, त्यामुळे गाडी मधूनच दचकते. त्यापेक्षा ९-०-९, १ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर घ्या. टोकापासून टोकापर्यंत १८ वोल्टची त्याची सेकंडरी लाइनच्या सिरीजमध्ये उलट्या दिशेने जोडायची. साधारण २२१ मिळतात. जोडणी सुलटी झाली तर २५९ होतील, म्हणून मार्कलिन लावण्याआधी मल्टीमीटरने मोजा. हे काम वायरमनकडूनच करून घ्या. लाइनचा भाग उघडा राहता कामा नये. जुन्या लोखंडी बॉडीच्या ट्रान्सफॉर्मरची वायर कडक झाली असेल, तर तो वापरातून काढा.

प्रश्न : हॉर्नबी डब्लो या रेल्वे मॉडेलला मोटारीची १२ वोल्टची बॅटरी चालेल का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : वोल्ट बरोबर, डीसीही बरोबर, पण बॅटरी नको. डबा घसरून शॉर्ट झाला तर ती शेकडो अँपिअर ओतते आणि वायरी वितळतात. १२ वोल्ट, २ अँपिअरचा चांगला अडॅप्टर आणि पुढे डीसी मोटर स्पीड कंट्रोलर घ्या, मध्ये दीड अँपिअरचा फ्यूज. एसी कधीच देऊ नका : कायम चुंबकाची मोटर फिरत नाही, नुसती थरथरत तापते आणि आर्मेचर जळतं.